ज्योतिर्गणितकार केतकर

देवघरातले पंचांग आपण नित्य उघडतो. परंतु त्यातील तिथी आकाशाशी जुळावी म्हणून ज्यांनी हयात वेचली, ते गणिती आपल्याच मुलखातले होते, हे फारसे कोणाच्या ध्यानी नसते. व्यंकटेश बापूजी केतकर यांचा जन्म १८ जानेवारी १८५४ रोजी नरगुंद येथे झाला. पुढे चारच वर्षांनी, १८५८ च्या उठावानंतर, ते संस्थान खालसा झाले. केतकरांनी बागलकोटच्या शाळेत दीर्घकाळ अध्यापन केले. कोणत्याही वेधशाळेचा आश्रय त्यांना नव्हता.

त्या काळची बहुतेक मराठी पंचांगे गणेश दैवज्ञांच्या ‘ग्रहलाघव’ या १५२० च्या सुमाराच्या ग्रंथावर चालत. शतकांमागून शतके सूक्ष्म चुका साठत गेल्या आणि ग्रहणाची वेळ प्रत्यक्षाशी जुळेनाशी झाली. केतकरांनी पाश्चात्त्य ज्योतिषातील अद्ययावत मूल्ये घेऊन ‘ज्योतिर्गणितम्’ व ‘केतकी ग्रहगणितम्’ हे ग्रंथ संस्कृतात रचले. नवे गणित जुन्या ज्योतिषांच्या परिचित भाषेत सांगण्यात त्यांचे मोठे शहाणपण होते, असे मला वाटते. राशिचक्राचा आरंभ चित्रा ताऱ्यावरून ठरवावा, हा त्यांचा पक्ष. रेवतीच्या बाजूने खुद्द लोकमान्य टिळक होते. फरक सुमारे चार अंशांचा, पण त्यापायी अधिक मासही बदलत असे! १९५५ मध्ये भारत सरकारच्या पंचांग सुधारणा समितीने चित्रापक्षाशी जुळणारे मान स्वीकारले.

त्यांचे सर्वांत धाडसी गणित १९११ मधले. गुरूचे तीन उपग्रह एका लयीत फिरतात. गॅनिमीडची एक प्रदक्षिणा होते तोवर युरोपाच्या दोन व आयोच्या चार होतात. लाप्लासने उलगडलेले हे नाते केतकरांनी बाहेरच्या ग्रहांना लावून पाहिले आणि नेपच्यूनपलीकडे दोन ग्रह असावेत, असे फ्रेंच ज्योतिष-संस्थेच्या पत्रिकेत मांडले. पहिल्याला त्यांनी ‘ब्रह्मा’ म्हटले. त्याचे अंतर पृथ्वी-सूर्य अंतराच्या सुमारे ३९ पट आणि प्रदक्षिणाकाल सुमारे २४२ वर्षे.

१८ फेब्रुवारी १९३० रोजी अमेरिकेत क्लाइड टॉम्बॉ यांना प्लूटो सापडला. त्याचे सरासरी अंतर साडेएकोणचाळीस पट, काल २४८ वर्षे. त्याच वर्षी ३ ऑगस्टला केतकर निवर्तले. मात्र ग्रह आकाशात कोठे शोधावा, हे त्यांनी सांगितले नव्हते. दुसरा ग्रह, ‘विष्णू’, तर सापडलाच नाही. म्हणून प्लूटोच्या शोधाचे श्रेय त्यांना देणे आपल्या अभिमानाला रुचले, तरी गणिताला मानवणार नाही. लयीचा सुगावा मात्र खरा होता: नेपच्यूनच्या तीन प्रदक्षिणांत प्लूटोच्या दोन होतात.

त्या दूरच्या जगाचे स्वरूप उलगडण्यास पुढे पिधानाचेच, म्हणजे केतकरांच्या जिव्हाळ्याचे, गणित उपयोगी पडले. ९ जून १९८८ रोजी प्लूटोने एका ताऱ्याला झाकले. ताऱ्याचा प्रकाश एकाएकी न लोपता हळूहळू मंदावला आणि तेथे विरळ वातावरण असल्याचे निश्चित झाले. शनीच्या टायटन या उपग्रहाभोवती मिथेन वायू असल्याचे जेरार्ड कायपर यांनी १९४४ मध्येच दाखवले होते. नेपच्यूनच्या ट्रायटनवर १९८९ मध्ये ‘व्हॉयेजर २’ यानाला नायट्रोजन व थोडा मिथेन आढळला. प्लूटोचे वातावरणही त्याच जातीचे निघाले. सूर्याचे अतिनील किरण मिथेनचे रेणू फोडतात. तुकडे पुन्हा जुळून ॲसिटिलीन, इथिलीन असे सेंद्रिय रेणू बनतात आणि त्यांतून आणखी जड रेणूंचे धुके साकारते. जुलै २०१५ मध्ये ‘न्यू होरायझन्स’ यानाने पाहिलेले ते धुके २०० किलोमीटरांहूनही उंच होते. प्लूटोवरून निसटलेला थोडा मिथेन त्याच्या शॅरन या उपग्रहाच्या गोठलेल्या ध्रुवावर साचतो. प्रारणांनी त्याचेही जड सेंद्रिय रेणू होतात, आणि तो ध्रुव तांबूस दिसतो.