रविवार कोणाचा?

नळदुर्ग-अणदूरच्या खंडोबाच्या दर्शनास रविवारी जाणाऱ्या धाराशिव जिल्ह्यातील भाविकांना नारायण मेघाजी लोखंडे हे नाव क्वचितच आठवत असेल. तथापि मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी सुट्टीचा वार मागताना लोखंडे यांनी रविवार हा खंडोबाचा वार असल्याचा आधार घेतला, असे सांगितले जाते.

लोखंडे यांचा जन्म १८४८ साली ठाण्यास झाला. घराणे मूळचे पुणे जिल्ह्यातील कन्हेरसरचे. मुंबईच्या एका कापड गिरणीत भांडारपालाची नोकरी करीत असता कामगारांचे हाल त्यांनी जवळून पाहिले. महात्मा फुले यांच्या सत्यशोधक विचाराने ते भारलेले होते. १८८० पासून ‘दीनबंधू’च्या संपादनाची धुरा त्यांनी वाहिली आणि १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभारली.

त्या काळी गिरण्या कधीच बंद राहत नसत, असे नव्हे. सणवारी व यंत्रे साफ करण्यासाठी त्या बंद ठेवल्या जात. परंतु तो दिवस मालकाच्या सोयीने ठरे आणि त्यातील काही तास सफाईतच जात. विसावा यंत्राला मिळे, माणसाला नव्हे. लोखंडे यांनी नेमके हेच मर्म ओळखले. १८८४ साली सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन त्यांनी सरकारपुढे ठेवले. दर रविवारी सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती आणि वेळेवर पगार या त्यातील प्रमुख मागण्या होत्या.

सहा वर्षे दाद लागली नाही. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली. तीत दोन स्त्री-कामगारांनीही भाषणे केली. अखेर १० जून १८९० रोजी गिरणी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. पुढे १८९७ च्या प्लेगमध्ये रुग्णांची सेवा करीत असता लोखंडे यांचा अंत झाला.

धाराशिव त्या वेळी निजामी राज्यात होते. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कारखाने कायद्याने साप्ताहिक सुट्टीबरोबरच भरपगारी रजाही दिली. रीतसर मागूनही नाकारलेली रजा बुडत नाही, असे तत्त्व त्यात होते. परंतु याच जिल्ह्यातून कोयता घेऊन ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्यांच्या वाट्याला ते संरक्षण आले नाही. आजारपणामुळे एक दिवस फड चुकला तरी मुकादम ‘खाडा’ म्हणून पैसे कापतो. कारखान्याचा हंगाम चालू आहे तोवर त्यांना वारच नसतो आणि हंगाम संपल्यावर मिळते ती सुट्टी नव्हे, बेकारी होय.

ठरलेला दिवस आणि तो घेतल्याबद्दल दंड नाही, ही हमी असेल तरच सुट्टीला हक्क म्हणता येते. लोखंडे यांनी मिळविलेला रविवार गिरणीच्या दारापाशी थांबला. तो उसाच्या फडापर्यंत नेण्याचे काम अद्याप बाकी आहे.