क्रांतिसिंह नाना पाटील

तुम्ही कुवेतमध्ये राहता. शाळेत इंग्रजी, दुकानांच्या पाट्यांवर अरबी आणि घरी मराठी. मग सांगा बरं, चारचौघांत मराठी बोलताना तुम्हाला कधी संकोच वाटतो का? नाना पाटलांना तो दिल्लीतही वाटला नाही.

नानांचा जन्म 3 ऑगस्ट 1900 चा. त्यांचं गाव येडे मच्छिंद्र. ते आज सांगली जिल्ह्यात आहे, तेव्हा सातारा जिल्ह्यात होतं. घर शेतकऱ्याचं. नाना तलाठी झाले. सरकारी नोकरी, म्हणजे ठरलेला पगार! पण 1930 साली गांधीजींची चळवळ सुरू झाली आणि नानांनी नोकरी सोडली.

1942 साली ते भूमिगत झाले. त्यांना पकडून देणाऱ्याला इंग्रज सरकारने बक्षीस लावलं. तरी चार वर्षं ते सापडले नाहीत. कसे सापडणार? गावोगावचे लोक त्यांना भाकरी देत, लपवून ठेवत.

याच काळात साताऱ्यात ‘प्रतिसरकार’ उभं राहिलं. नाना त्याचे नेते होते. गावातली भांडणं गावातच मिटू लागली. दरोडेखोरांना कडक शिक्षा होऊ लागली. लग्नं कमी खर्चात लागू लागली. का माहीत आहे? लग्नासाठी शेतकरी कर्ज काढायचा आणि मग त्याची जमीन सावकाराकडे जायची. लोक नानांना ‘क्रांतिसिंह’ म्हणू लागले.

भारत स्वतंत्र झाला. मराठी माणसं आपलं वेगळं राज्य मागत होती. तेव्हा, 1957 साली, साताऱ्याच्या लोकांनी नानांना लोकसभेत पाठवलं. तिथे बहुतेक भाषणं इंग्रजीत किंवा हिंदीत होत. नाना मात्र मराठीत बोलले. लोकसभेत मराठीत बोलणारे पहिले खासदार म्हणून त्यांची ओळख आहे. 1967 साली ते बीडमधून पुन्हा निवडून आले.

6 डिसेंबर 1976 रोजी नाना गेले. दिल्लीला जाऊनही त्यांची बोली गावाकडचीच राहिली. म्हणून तर शेतकऱ्याला ते आपल्या घरातले वाटायचे.

शब्दार्थ
तलाठी – गावातल्या जमिनीची नोंद ठेवणारा सरकारी नोकर
भूमिगत होणे – पोलिसांपासून लपून काम करणे
सावकार – व्याजाने पैसे देणारा

प्रश्न
1. नानांनी नोकरी का सोडली?
2. कमी खर्चाच्या लग्नांमुळे शेतकऱ्याचा काय फायदा झाला?
3. तुम्हाला लोकसभेत बोलायला मिळालं तर काय मागाल? तीन वाक्यं मराठीत बोला.