सूक्ष्मदर्शकाशिवाय ‘ऊती’ दाखवणारा डॉक्टर

पेशी, ऊती, इंद्रिय, संस्था आणि शरीर ही चढती भाजणी शाळेत सगळेच पाठ करतात. त्यातली ऊतीची पायरी वैद्यकाला दाखवली झाव्हिए बिशा या फ्रेंच तरुणाने, आणि तीही सूक्ष्मदर्शकाला हात न लावता.

बिशाचा जन्म १४ नोव्हेंबर १७७१ चा. वडील डॉक्टर. राज्यक्रांतीच्या धामधुमीत, १७९३ मध्ये तो पॅरिसला आला. तिथले नामवंत सर्जन देसो यांनी त्याची हुशारी पाहून त्याला स्वतःच्या घरीच ठेवून घेतले. दोन वर्षांत देसो अचानक वारले. गुरूंचे अपुरे लेखन शिष्याने पुरे केले.

तोवर आजार म्हणजे अमुक इंद्रियाचा बिघाड, असे मानत. १७६१ मध्ये इटलीच्या मोर्गान्यी यांनी हा विचार पक्का केला होता. शवविच्छेदन करताना बिशाला मात्र वेगळेच दिसे. फुप्फुसावरचे आवरण सुजलेले, पण आतले फुप्फुस धड. तसेच पातळ, ओलसर आवरण हृदयाभोवती आणि पोटातही, आणि तिथली सूजही तशीच. म्हणजे आजार अख्ख्या इंद्रियाला नव्हे, त्यातल्या एका ‘कापडाला’ होतो! (ऊतीसाठीच्या फ्रेंच शब्दाचा अर्थ विणलेले कापड, संस्कृतात ‘ऊति’ म्हणजेही विणणे.) मग त्याने शरीराचे भाग उकळले, वाळवले, आम्लात भिजवले, कुजू दिले आणि कोणता कसा टिकतो ते पाहिले. अशा २१ ऊती त्याने वेगळ्या काढल्या. १८०१ मध्ये त्यावरचा ग्रंथ आला.

सूक्ष्मदर्शकावर त्याचा विश्वास नव्हता. त्या काळच्या भिंगांतून कडांना रंगांची झालर दिसे, त्यामुळे हा निव्वळ हट्ट म्हणता येत नाही. पण पेशी त्याच्या हातून निसटली. प्राण्यांचे शरीर पेशींचे बनते हे १८३९ मध्ये श्वान यांनी मांडले, आणि १८५८ मध्ये फिरखो यांनी आजाराचे मूळ तिथवर नेले.

एका हिवाळ्यात त्याने सुमारे ६०० शवे तपासली, असे सांगतात. हातमोजे नव्हते, जंतूंची कल्पनाही नव्हती. झोपही कित्येकदा विच्छेदनगृहातच. जुलै १८०२ मध्ये ओतेल-द्यू रुग्णालयाच्या जिन्यावरून तो पडला, पाठोपाठ ताप चढला आणि २२ जुलैला तो गेला. वय अवघे ३०. शेवटच्या दिवसांत उशाशी देसो यांची पत्नी होती. पुढे नेपोलियनने त्याच रुग्णालयात गुरू-शिष्य दोघांचे मिळून स्मारक करायला सांगितले.