लक्ष्मणरावांचा हिशेब : मालाचा दर वेगळा, कष्टाचा वेगळा

किर्लोस्कर नांगर ठाऊक नाही असा जुना शेतकरी आपल्याकडे विरळाच. तो काढणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर १८६९ साली बेळगाव भागातल्या गुर्लहोसूरला जन्मले. मुंबईत तंत्रशाळेत मास्तरकी करताना ते सायकली घेऊन बेळगावला धाडत. थोरले बंधू रामूअण्णा त्या विकत. गिऱ्हाइकाला सायकल चालवायला शिकवायचे १५ रुपये मात्र वेगळे. हिशेब रोखठोक!

पुढे लोखंडी नांगर काढला, तर दोन वर्षं गिऱ्हाईक फिरकेना. लोखंडानं जमीन नासते, ही लोकांची समजूत. इथं दर उतरवून भागणार नव्हतं. विश्वास बसायला हवा होता. लक्ष्मणरावांनी धीर धरला. नांगर चालला. १९१० साली औंध संस्थानात, म्हणजे आजच्या सांगली जिल्ह्यात, किर्लोस्करवाडी उभी राहिली. १९५६ साली ते वारले.

आज गावात पाण्याची मोटार दुरुस्त करणारा सुट्या भागांचे पैसे घेतो, पण हाताच्या कामाचे सांगायला लाजतो. जाण्यायेण्याचा खर्च तर धरतच नाही. मग वर्षअखेर हाती उरणार काय? दर सांगण्याआधी माल आणि कष्ट, दोन्ही आकडे कागदावर मांडावेत.