प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर

प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर (१६ मार्च, १९०१ – १२ जून, १९८१) हे भारताचे सातवे सरन्यायाधीश होते. उच्च न्यायालयांच्या न्यायाधीशांना जाब विचारण्याचा अधिकार कोणाला, हा प्रश्न त्यांच्या कारकिर्दीत दोनदा सर्वोच्च न्यायालयापुढे आला.

त्यांचा जन्म सातारा येथे झाला. धारवाडचे कर्नाटक महाविद्यालय, पुण्याचे डेक्कन महाविद्यालय आणि तेथीलच विधी महाविद्यालय येथे शिक्षण घेऊन त्यांनी मुंबईत वकिली केली. १९४५ साली ते मुंबई उच्च न्यायालयाचे, तर १९५७ साली सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. १ फेब्रुवारी, १९६४ रोजी त्यांनी सरन्यायाधीशपद स्वीकारले.

== केशव सिंह प्रकरण ==
पुढच्याच महिन्यात उत्तर प्रदेशात पेच उभा राहिला. विधानसभेच्या अवमानाबद्दल गोरखपूरच्या केशव सिंह यांना सात दिवसांचा कारावास झाला होता. न्या. बेग आणि न्या. सहगल यांनी १९ मार्च रोजी त्यांना जामीन दिला. त्यावर २१ मार्च रोजी विधानसभेने केशव सिंह, त्यांचे वकील आणि दोन्ही न्यायाधीश यांना ताब्यात घेऊन सभागृहापुढे आणण्याचा ठराव केला. न्यायाधीशांना आपल्याच न्यायालयात दाद मागावी लागली. अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या २८ न्यायाधीशांच्या पीठाने ठरावाच्या अंमलबजावणीस स्थगिती दिली. अखेर राष्ट्रपतींनी सर्वोच्च न्यायालयाचे मत मागविले.

सात न्यायाधीशांच्या पीठाचे बहुमताचे मत गजेंद्रगडकरांनी ३० सप्टेंबर, १९६४ रोजी दिले. याचिका ऐकून जामीन दिल्याने सभागृहाचा अवमान होत नाही आणि त्यासाठी विधानसभा न्यायाधीशांकडून खुलासा मागू शकत नाही, असे त्यात ठरले. न्यायाधीशांच्या कर्तव्यविषयक वर्तनावर राज्य विधिमंडळात चर्चा करण्यास अनुच्छेद २११ ने मनाई आहे, हा त्यातील कळीचा मुद्दा. न्या. सरकार यांनी स्वतंत्र मत दिले. गंमत म्हणजे ज्यांच्यामुळे हे सारे घडले, त्या केशव सिंह यांची याचिका उच्च न्यायालयाने १९६५ साली फेटाळली.

न्यायाधीशाला पदावरून दूर करण्याचा अधिकार संसदेकडेच राहिला. मात्र आरोपांच्या चौकशीची पद्धत ठरविणारा कायदा तेव्हा नव्हता. सर्वोच्च न्यायालयाचा एक न्यायाधीश, एका उच्च न्यायालयाचा मुख्य न्यायाधीश आणि एक विधिज्ञ अशा तीन सदस्यांच्या समितीची तरतूद १९६८ च्या न्यायाधीश (चौकशी) कायद्याने झाली.

== मित्तर प्रकरण ==
कलकत्ता उच्च न्यायालयाचे न्या. ज्योतिप्रकाश मित्तर यांचे जन्मवर्ष १९०४ नसून १९०१ असल्याचे ठरवून केंद्र सरकारने त्यांना १९६१ साली निवृत्त मानले होते. सरकारने असे परस्पर वय ठरविणे गजेंद्रगडकरांच्या पीठाने मान्य केले नाही. १९६३ च्या पंधराव्या घटनादुरुस्तीनुसार हा निर्णय सरन्यायाधीशांचा सल्ला घेऊन राष्ट्रपतींनीच करावयाचा होता. तसा तो पुढे झाला, पण मित्तर यांच्या विरोधातच. १९७१ साली सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला.

== निवृत्तीनंतर ==
मार्च १९६६ मध्ये निवृत्त झाल्यावर ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू व नंतर विधी आयोगाचे अध्यक्ष झाले. १९७२ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले.