बालगंधर्व आणि चाहत्यांचा हिशेब

दिवाळी सरली की भंडारा जिल्ह्यात मंडईचे दिवस सुरू होतात. साकोली-लाखांदूरकडच्या गावांत दिवसा बाजार भरतो आणि रात्री झाडीपट्टीचे नाटक पहाटेपर्यंत रंगते. धान विकून हाती आलेल्या पैशातून शेतकरी तिकीट काढतो, नटाला डोक्यावर घेतो. आणि दुसऱ्या दिवशी शिकलेली मंडळी विचारतात की, बांधावर राबणाऱ्याच्या वाट्याला न येणारा हा मान तोंडाला रंग लावणाऱ्याला कशासाठी? मराठी समाजाने ज्या नटावर अपार प्रेम केले, त्या बालगंधर्वांच्या आयुष्यात या प्रश्नाचा शोध घेण्याजोगा आहे.

नारायण श्रीपाद राजहंस यांचा जन्म २६ जून १८८८ चा. बालपणीचे त्यांचे गाणे ऐकून लोकमान्य टिळकांनी त्यांना बालगंधर्व म्हटले, असे सांगितले जाते. १९०५ मध्ये ते किर्लोस्कर नाटक मंडळीत दाखल झाले आणि शकुंतलेच्या भूमिकेत रंगभूमीवर आले. कुलीन स्त्रीने रंगमंचावर पाऊल ठेवणे अप्रशस्त मानणारा तो काळ. गंमत अशी की, त्याच कुलीन घरांतील स्त्रिया या पुरुषाचे नेसणे आणि केसांची ठेवण उचलू लागल्या.

१९११ मध्ये ‘मानापमान’चा पहिला प्रयोग होता, त्याच दिवशी त्यांची लहान मुलगी गेली. प्रयोग थांबला नाही. कर्तव्यनिष्ठेचा आदर्श म्हणून ही हकिकत आजही सांगितली जाते. त्या रात्री एका पित्याला रडायलाही उसंत मिळाली नाही, याची खंत करणारे मात्र विरळा.

१९१३ मध्ये गणपतराव बोडस व गोविंदराव टेंबे यांच्यासह त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. ‘स्वयंवर’मधील रुक्मिणी, ‘एकच प्याला’मधील सिंधू या भूमिकांमागे केवळ रूप नव्हते, भास्करबुवा बखल्यांसारख्या गुरूची तालीम आणि वर्षानुवर्षांची मेहनत होती. हा मान त्यांनी कष्टाने कमावला होता, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही.

परंतु व्यवहाराची बाजू निराळी. उंची शालू, अत्तरे, गालिचे आणि मंडळींच्या पंगती यांत उत्पन्न वाहून गेले व कर्ज चढले. प्रेक्षकांनी या उधळपट्टीला रसिकता म्हणून दाद दिली. जमाखर्च न जुळलेल्या याच माणसाने १९२१ मध्ये केशवराव भोसल्यांच्या जोडीने टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’ केले. सार्वजनिक कार्याला हात सैल, स्वतःच्या मंडळीच्या हिशेबाकडे पाठ. त्यांच्या स्वभावातील हा दोष भक्तीच्या भरात झाकण्याचे कारण नाही.

१९३२ मध्ये मराठी बोलपट आला आणि नाटक कंपन्यांचा पाया खचला. बालगंधर्वांनीही १९३५ मध्ये प्रभातच्या ‘धर्मात्मा’त एकनाथांची भूमिका केली, पण पुरुषवेशातील गंधर्व लोकांच्या मनात भरले नाहीत. ते रंगभूमीवर परतले आणि पन्नाशी उलटल्यावरही तरुण नायिका रंगवीत राहिले. वन्समोअरच्या गजरात पदे लांबत होती, नाटक मागे पडत होते. आता थांबावे, हे सांगण्याइतके धैर्य त्या प्रेमात नव्हते. गायिका गोहर कर्नाटकी त्यांच्या आयुष्यात आल्यावर मात्र त्यांच्या खाजगी जीवनाचा न्याय करण्यासाठी हेच भक्त पुढे सरसावले. तिकिटाच्या मोबदल्यात गाणे मिळाले होते. त्याबरोबर माणसावरही मालकी मिळाली, असा या मंडळींचा समज झाला असावा.

उतारवयात पाय अधू झाले. बसून भजने गात त्यांनी दिवस काढले. १९६४ मध्ये पद्मभूषण मिळाले, त्याच वर्षी गोहरबाई गेल्या. पुण्यात त्यांच्या नावाच्या नाट्यगृहाची कोनशिला १९६२ मध्ये त्यांच्याच हस्ते बसविण्यात आली होती. १५ जुलै १९६७ रोजी ते वारले. त्या नाट्यगृहाचा पडदा उघडला तो २६ जून १९६८ रोजी, त्यांच्या जन्मदिवशी.