न चिकटणाऱ्या पदार्थाचा जनक : रॉय प्लंकेट

तव्याला डोसा चिकटला नाही की आपण टेफ्लॉनचं कौतुक करतो. पण ते शोधणारा रॉय प्लंकेट कुणाला आठवत नाही. माझ्या मते त्याचं चरित्र प्रत्येक इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याने वाचावं, आणि मेसच्या कॉन्ट्रॅक्टरनेही!

रॉयचा जन्म २६ जून १९१० चा, अमेरिकेतल्या ओहायो राज्यातला. घरची शेती, परिस्थिती बेताची, आमच्या गोरेगावच्या (जि. हिंगोली) कितीतरी पोरांसारखीच. ऐन मंदीत, १९३२ साली तो पदवीधर झाला. पुढे नोबेल मिळवणारा पॉल फ्लोरी कॉलेजात त्याचा रूममेट होता. (तेव्हा रूममेटला जपा, बरं का!) १९३६ मध्ये पीएच.डी. होऊन तो ड्यूपाँ कंपनीत लागला.

काम होतं फ्रिजसाठी नवा वायू शोधण्याचं. ६ एप्रिल १९३८ ला टेट्राफ्लुरोइथिलीनच्या सिलिंडरची तोटी उघडली, तर काहीच बाहेर येईना. वजन केलं तर ते मात्र भरलेल्या सिलिंडरइतकंच! आपण असतो तर दुसरा सिलिंडर लावून मोकळे झालो असतो. प्लंकेट आणि त्याचा सहायक जॅक रेबोक यांनी तो चक्क करवतीने कापला. आत निघाली मेणचट पांढरी भुकटी. तिच्यावर ना आम्ल चाले, ना कुठला द्रावक. कार्बन-फ्लोरीनचा बंधच तसला चिवट! महायुद्धात अणुबॉम्बच्या प्रकल्पाने ती वापरली, आणि १९५० च्या दशकात फ्रान्समधून ती तव्यावर आली.

प्लंकेट स्वतः १९३९ पासून पेट्रोलमध्ये घालायच्या शिशाच्या संयुगाच्या कामावर गेला. तेही पुढे विषारी म्हणून जगभर बंद झालं. काय योगायोग! तो १९७५ ला निवृत्त झाला आणि १२ मे १९९४ ला वारला.

टेफ्लॉन स्वतः बरंच निरुपद्रवी. भानगड आहे ते बनवताना १९५१ पासून वापरलेल्या पीएफओए या रसायनाची. ते पाण्यात मिसळतं, निसर्गात विघटित होत नाही, रक्तात वर्षानुवर्षं राहतं. म्हणूनच या कुळाला 'कायमची रसायनं' म्हणतात. वेस्ट व्हर्जिनियातल्या कारखान्याभोवतीच्या लोकांचा अभ्यास झाला. २०१२ पर्यंत मूत्रपिंड व वृषणाचा कर्करोग, थायरॉइडचे विकार, वाढलेलं कोलेस्टेरॉल यांच्याशी त्याचा संबंध असल्याचा निष्कर्ष आला. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने पीएफओएला थेट पहिल्या गटात टाकलं.

हे लांबचं वाटतं ना? इटलीतला याच रसायनांचा मितेनी कारखाना २०१८ ला दिवाळखोरीत गेला. पाणी दूषित केल्याबद्दल त्याच्या अधिकाऱ्यांना २०२५ मध्ये शिक्षा झाल्या. त्याची यंत्रसामग्री मात्र एका भारतीय कंपनीने घेतली आणि ती आली आपल्या रत्नागिरीतल्या लोटे परशुरामला!

आता हॉस्टेलचं बघू. याच कुळातली रसायनं तेल झिरपू नये म्हणून बर्गरच्या कागदाला, मायक्रोवेव्ह पॉपकॉर्नच्या पिशवीला, कधी उसाच्या चिपाडाच्या 'इको' वाट्यांनाही लावलेली आढळली आहेत. अमेरिकेत अशा कागदाची विक्री २०२४ पर्यंत थांबली. आपण गरम भजी स्टीलच्या डब्यात आणावी, पार्टीला पळसाच्या पत्रावळी घ्याव्या. नॉनस्टिक तवा रिकामा तापवू नये. आणि हो, वडापाव वर्तमानपत्रात बांधून घेणं हा त्यावरचा उपाय नव्हे. त्या शाईची कथा वेगळीच आहे.